हत्ती लागला आणि मास्तर बोलेनासे झाले

«ताई, नमस्कार. मी फोंड्याचा, वय ४४, सरकारी खात्यात कारकून. गेली १४ वर्षे इथल्या एका बुद्धिबळ क्लबात जातो. मला खऱ्या अर्थाने खेळायला शिकवले ते मास्तरांनी. निवृत्त शिक्षक, वय ६७. हत्तींचे शेवट, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि थोडी प्यादी उरतात तो भाग, तर मी त्यांच्याकडूनच शिकलो. दर रविवारी सकाळी पातळ भाजी आणि बन्स खाऊन आम्ही क्लबात जातो. गेल्या वर्षी विश्वचषक पाहायला हडफड्यालाही एकाच गाडीवरून गेलो होतो.

गेल्या महिन्यात डिचोलीला रेटिंग स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत नेमकी आमचीच जोडी लागली. साडेतीन तास खेळलो. शेवटी माझ्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादे, त्यांच्याकडे राजा आणि हत्ती. त्यांच्या घड्याळात दीड मिनिट उरले होते. त्यांनी हत्ती उचलला, पटावर फिरवला, परत जागेवर ठेवला आणि राजाला हात घातला. मी म्हटले, 'मास्तर, हत्ती लागला!' म्हणजे हात लावला तो हत्तीच खेळायला हवा. आवाज जरा चढलाच. सगळा हॉल वळून बघू लागला. पंच आले. त्यांनी काही पाहिले नव्हते. त्यांनी मास्तरांना विचारले. मास्तर म्हणाले, 'होय, उचलला होता.' मग ते हत्ती खेळले आणि पुढच्याच चालीला मात झाली. त्यांनी सही केली, हात मिळवला आणि निघाले. येताना माझ्या मागे बसून आले होते, जाताना कदंबाच्या बसने गेले.

तेव्हापासून ते क्लबात आलेले नाहीत. मी माफीचा मेसेज पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. ग्रुपवर एकाने लिहिले, 'गुरूलाच नियम शिकवला.' क्लबात मास्तरांनी मला किती वेळा चाल परत घेऊ दिली असेल याला गणती नाही. मी चुकलो का? चवथीच्या स्पर्धेत परत गाठ पडली तर मुद्दाम हरून फिटंफाट करू का? स्कोअरशीटचा, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो सोबत जोडला आहे.»

तुमच्या स्कोअरशीटवर ४७व्या चालीच्या जागी तेलाचा डाग आहे (भजी खात खेळता, हे दिसतेच आहे), पण शेवटचा भाग स्वच्छ लिहिलेला आहे. तो मी काल रात्री पट मांडून पाहिला. म्हणून आधी पटाबद्दल बोलते. मास्तरांकडे नंतर वळू, कारण तुमच्या पत्रातली निम्मी खंत त्या पटावरच विरघळेल असे मला वाटते.

तुमच्या ६१व्या चालीनंतर असे आहे (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ): तुमचा राजा जी-६, प्यादे जी-५, हत्ती बी-७. मास्तरांचा राजा जी-८, हत्ती सी-१. चाल त्यांची. तुमची धमकी उघड आहे, हत्ती बी-८ला आला की मात, फार तर एका चालीने उशिरा. मास्तरांनी हत्ती उचलला, ठेवला आणि राजा एफ-८ला न्यायला निघाले. तुम्ही अडवले. मग त्यांनी हत्ती जी-१वर आणून ठेवला, प्याद्याच्या मागे, आणि तुम्ही बी-८ला मात दिलीत.

आता त्यांना जी चाल करायची होती ती बघा. राजा एफ-८. तुम्ही हत्तीने बी-८वर शह देता, राजाला ई-७ला जावे लागते आणि प्यादे जिथे वजीर होणार तो कोपरा तुमच्या राजाच्या ताब्यात येतो. पुढे काम कष्टाचे आहे, पण डाव तुमचाच. राजा एच-८ला गेला असता तर दोन चालींत मात. म्हणजे राजाची एकही चाल त्यांना वाचवत नव्हती. वाचवणार होता तो हत्तीच. सी-१वरचा हत्ती सरळ सी-८ला आणून शेवटच्या ओळीत गप्प बसवला की डाव बरोबरीत सुटतो. प्यादे मधल्या पट्टीत असते तर असे नुसते बसून भागले नसते, कारण हल्ला करणारा हत्ती प्याद्याच्या दुसऱ्या बाजूला वळसा घालून नवी धमकी उभी करतो. जी-पट्टीच्या प्याद्याला त्या बाजूला एकच पट्टी उरते आणि पट संपतो. वळसा घालायला जागाच नाही. तुम्ही जी-७वर शह दिलात तर त्यांचा राजा एच-८ला जातो, एच-७वर दिलात तर परत जी-८ला येतो, आणि तुम्ही रात्रभर तेच करत बसता.

तेव्हा तुम्ही 'हत्ती लागला' म्हणालात तेव्हा मास्तरांच्या तोंडचा घास काढलात असे जे तुम्हाला वाटते आहे, ते पटावर उलटे आहे. तुम्ही गप्प बसला असता तर ते एफ-८ला जाऊन हरले असते. तुमच्या दाव्याने त्यांना हत्तीच खेळायला लावला, आणि डाव वाचवणारी चाल हत्तीचीच होती. स्पर्धेत स्वतःच्या पायावर इतक्या प्रामाणिकपणे धोंडा पाडून घेणारा खेळाडू मी फार दिवसांनी पाहिला! ते हरले ते दीड मिनिटाचे घड्याळ, वळलेल्या माना आणि कानशिलात गेलेले रक्त यांमुळे. हत्ती प्याद्याच्या मागे असावा, हे लहानपणी घोकलेले वाक्य हाताने आपोआप खेळून टाकले.

आता नियम. तो पाळायचा की मैत्री, असा प्रश्न तुम्ही घातला आहे, पण स्पर्धेत तो निवडीचा प्रश्नच नसतो. आपली चाल असताना ज्या मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने हात लावला ते खेळायचे, कायदेशीर चाल निघत असेल तर. चुकून बाही लागली, कोपर लागले, ते धरत नाहीत. नीट मांडायचे असेल तर आधी 'नीट करतो' असे सांगायचे. मास्तरांनी हत्ती उचलून हवेत फिरवला, तिथे शंकेला जागा नव्हती. आणि हा दावा तुम्ही तेव्हाच करायला हवा होता. ते राजा खेळले असते आणि तुम्ही उत्तरासाठी आपल्या मोहऱ्याला हात लावला असता, की दाव्याचा हक्क संपला. घरी येऊन बायकोजवळ कुरकुरण्यापलीकडे काही उरले नसते.

हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. २०१६ साली मॉस्कोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, हिकारू नाकामुराचा हात राजाला लागला, तोही हत्तींच्याच शेवटात. 'नीट करत होतो' असे तो म्हणाला, पण समोरच्या लेव्हॉन अरोनियनने मान्य केले नाही. राजा खेळावा लागला आणि डाव गेला. आणि गप्प बसले की संबंध गोड राहतात असे ज्यांना वाटते त्यांनी १९९४ची स्पेनमधली लिनारेस स्पर्धा आठवावी. गॅरी कास्पारोव्हने घोडा सी-५वर ठेवला, क्षणभर बोटे सुटली, मग तो उचलून दुसऱ्याच घरात ठेवला. समोर होती १७ वर्षांची युडिट पोल्गार. तिने दावा केला नाही आणि ती तो डाव हरली. बोटे सुटल्याचे नंतर चित्रफितीत दिसले. त्या न केलेल्या दाव्याची चर्चा ३० वर्षे उलटली तरी संपलेली नाही, आणि त्या वेळी गप्प बसल्याने त्या दोघांत गोडवा आला असे कोणीही म्हणणार नाही. तुम्हीही गप्प बसला असता तर दर रविवारी बन्स तोडताना तो हत्ती आठवला असता.

मग तुमचे काहीच चुकले नाही का? चुकले. आवाज. तो 'जरा चढलाच' असे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. घड्याळ थांबवायचे, हात वर करायचा, पंच आले की हळू आवाजात सांगायचे, बस्स. प्रतिस्पर्ध्याशी त्या क्षणी वाद घालायचा नसतो, आणि ६७ वर्षांच्या माणसाला भरल्या हॉलमध्ये पोरांसमोर 'हत्ती लागला' म्हणून ओरडून सांगायचे तर मुळीच नसते. हडफड्याला विश्वचषक पाहून आलात ना तुम्ही? २०२५च्या ऑक्टोबरअखेरीपासून जवळजवळ महिनाभर २०६ खेळाडूंची ती स्पर्धा तिथे चालली होती. तिथली शांतता आठवा.

आणि आता पत्रातले ते वाक्य, जे तुम्ही मात होण्याच्या घाईत एका दमात लिहून टाकले आहे. पंचांनी पाहिले नव्हते. मास्तर म्हणाले, 'होय, उचलला होता.'

मी काही वर्षे छोट्या स्पर्धांत पंचाचे काम केले आहे. एकदा एका गावातल्या देवळाच्या सभामंडपात हाच प्रसंग माझ्यासमोर आला. एका मुलाने सांगितले, याने उंट उचलला होता. समोरचा मोठा माणूस, चांगला नोकरीतला, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, 'छे, बोटही लावले नाही.' शेजारच्या पटांवर कोणी पाहिले नव्हते. साक्षीदार नाही, कबुली नाही, तर पंच काय करणार? दावा फेटाळला. तो मुलगा काही बोलला नाही. नुसता त्या उंटाकडे बघत राहिला, जो अर्धा आपल्या घरात आणि अर्धा शेजारच्या घरात तिरका उभा होता. उचलून घाईने ठेवलेले मोहरे असेच उभे असते. मला दिसत होते, मुलाला दिसत होते, पण तिरक्या उंटावर निकाल देता येत नाही. तो माणूस जिंकला. आजही बाजारात भेटला की मी भाजीवाल्याशी बोलायला लागते.

मास्तरांना तेवढेच करायचे होते. 'नाही' म्हणायचे. दीड मिनिट घड्याळात, अर्धा गुण पणाला, पंचांनी पाहिलेले नाही. शिवाय समोर आपलाच शिष्य, त्याने शेवटी मान खाली घातली असती. ते 'होय' म्हणाले. तुमचा मेसेज होता माफीचा. माफी त्यांनी कशाबद्दल स्वीकारायची? तुम्ही नियमाने खेळलात, त्याची माफी मागितली की त्यांनी खरे बोलून जे केले तेही फुकट जाते. तुम्ही त्यांच्याकडे मागायची आहे ती ओरडल्याची माफी, आणि द्यायचे आहे ते 'होय'बद्दल धन्यवाद. मला वाटते, दुसरे तुम्हाला जड जाईल, कारण तो 'होय' नसता तर पंचांनी तुमचा दावा फेटाळला असता, हे तोंडाने कबूल करावे लागेल.

परत दिलेल्या चालींचा हिशेब मात्र बंद करा. क्लबात मास्तरांनी तुम्हाला चाल परत घेऊ दिली ती शिकवण्यासाठी. शिक्षक फळ्यावरचे चुकलेले गणित पुसतो, त्याची उधारी लिहून ठेवत नाही. पण तुमच्या क्लबाच्या या सवयीबद्दल एक बोलू? 'घे रे परत, घे' हे आपल्याकडे जिव्हाळ्याचे लक्षण मानतात, आणि १४ वर्षे आठवड्यातून दोनदा ते केले की हाताला वाटायला लागते, मोहरे उचलणे म्हणजे नुसता विचार करणे. मास्तरांच्या हाताने त्या दिवशी क्लबातलीच सवय केली. डोळे डिचोलीत होते, हात फोंड्यात. आठवड्यातला एक दिवस तरी घड्याळ लावून, हात लागला की खेळायचे असे ठरवा, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तर रोजच. बाकी दिवशी खुशाल परत घ्या.

मुद्दाम हरण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. एक तर ती ठरवून केलेली फसवणूक आहे, मग ती मैत्रीपोटी असो की पैशापोटी. दुसरे म्हणजे तुमचा खेळ त्यांनी घडवला आहे. तुम्ही एक चाल खोटी खेळलात तर ती त्यांना तुमच्याआधी कळेल, आणि मग ते कदंबाने जाणार नाहीत, चालत जातील. हिशेबच करायचा तर रेटिंगचा करा. बहुतेक क्लब खेळाडूंचा गुणक, म्हणजे एका डावात रेटिंग जास्तीत जास्त जितके हलते तो आकडा, २० असतो, तेव्हा बरोबरी आणि हार यांतला फरक नेमका १० गुणांचा. दहा गुणांसाठी १४ वर्षांची मैत्री तोडणारा माणूस असा 'होय' म्हणत नाही.

म्हणूनच मला शंका येते की मास्तर तुमच्यावर रागावलेच नसावेत. तुम्हीच लिहिले आहे, हत्तींचे शेवट त्यांनी शिकवले. जी-पट्टीचे प्यादे असेल तर हत्ती शेवटच्या ओळीत ठेवून बरोबरी होते, हा त्या धड्यातला अगदी पहिल्या इयत्तेचा भाग. ज्याने तो शिकवला, तो शिष्यासमोर एका चालीत मात झाला, तेही सगळा हॉल बघत असताना. अशा वेळी माणूस क्लबात का येत नाही, हे ज्याने कधी वर्गात फळ्यावर चुकीचे उत्तर लिहिले असेल त्याला विचारा. तुमचे नाव त्यांच्या डोक्यात असेलही, पण पहिल्या ओळीत नसावे.

ग्रुपवर 'गुरूलाच नियम शिकवला' लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचे का, हे तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगते. एकच ओळ लिहा: मास्तरांनी स्वतः कबूल केले म्हणून निकाल लागला. बाकी काही नाही, हसरे चेहरे नाहीत, खुलासे नाहीत. ही ओळ मास्तर वाचतील, आणि तुमच्या माफीच्या मेसेजपेक्षा ती त्यांना जास्त पोचेल.

मेसेज आणखी पाठवू नका. फोनही नको. रविवारी सकाळी त्यांच्या घरी जा, त्या वेळेला, ज्या वेळेला एरवी गाडी दारात थांबायची. आत जाऊन बसू नका, अंगणातूनच हाक मारा. नाही आले तर पुढच्या रविवारी परत. ते येतील असे मला वाटते, कारण १४ वर्षे सकाळी साडेआठला पातळ भाजी खाणाऱ्या माणसाच्या पोटाला रुसवा कळत नाही. खिशात छोटा चुंबकाचा पट ठेवा. ओरडल्याबद्दल आणि त्या 'होय'बद्दल जे बोलायचे ते गाडीवर बसण्याआधीच बोलून टाका, दोन वाक्यांत. हॉटेलात आजूबाजूला ओळखीचे असतात.

मग बन्स आले की पट उघडा आणि तो शेवट मांडा. सी-८ची चाल दाखवायची घाई करू नका. शिष्याने उत्तर दाखवणे आणि गुरूने ते शोधणे यांत पुष्कळ अंतर आहे. नुसते म्हणा, 'इथे काळ्याला बरोबरी होती का हो?' ते लगेच हत्ती उचलून शेवटच्या ओळीत ठेवतील तर समजा, त्या रात्री डिचोलीहून घरी गेल्यावर त्यांनी पट मांडला होता आणि इतके दिवस तीच चाल त्यांना खात होती. मग त्यांना सांगू द्या. राजा एफ-८ला गेला असता तर काय झाले असते, तेही त्यांनाच विचारा. तुम्ही तो डाव जिंकून दाखवू शकला असता का, असे ते उलट विचारतील. त्याची तयारी करून जा, कारण तुमची ५५ ते ५९ या चालींतली घाई बघता मला त्याची खात्री नाही.